परमुलखातील रोकड आणि सराफाचा बट्टा

बंगळूरच्या पूर्वेस, शहराला वळसा घालणारा वर्तुळमार्ग आणि जुन्या विमानतळाकडून व्हाइटफील्डकडे जाणारा हमरस्ता जेथे एकमेकांस छेदतात, त्या मारतहळ्ळीच्या परिसरात परकीय चलन विकणारी दुकाने आहेत. जर्मनीस किंवा टेक्ससला निघालेला तरुण अभियंता, आणि पुष्कळदा लेकीच्या बाळंतपणासाठी प्रथमच समुद्रापलीकडे जाणारी त्याची सासू, तेथील काचेसमोर पारपत्र, व्हिसा आणि तिकीट पुढे करून उभी राहतात. कारकून कागद पाहतो, नोटांची गड्डी मोजयंत्रातून दोनदा फिरवतो आणि बहुतेक देशांसाठी एका खेपेस 3,000 डॉलरांपेक्षा अधिक रोख देता येत नसल्याने उरलेली रक्कम कार्डावर भरून देतो. ज्या धावपट्टीच्या शेजाराने या खेड्याचे भाग्य पालटले, ती सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने 1940 च्या डिसेंबरात स्थापन केलेल्या विमान कारखान्याची. देवनहळ्ळीचा नवा विमानतळ 2008 च्या मे महिन्यात सुरू होईपर्यंत बंगळूरचा प्रवासी येथूनच आकाशात जात असे. परंतु परमुलखात उतरल्यावर खिशातील पैसा तेथील बाजारास मान्य होईल की नाही, आणि झाला तर तो किती घटून, ही चिंता विमानापेक्षा फार प्राचीन आहे, आणि मराठी माणसाने ती याच कन्नड भूमीवर पूर्वी पुरेपूर अनुभवलेली आहे.

विजापूरकरांच्या 1638 च्या स्वारीनंतर बंगळूरची जहागीर शहाजीराजांकडे आली आणि पुढे व्यंकोजीराजांनी तंजावरास बस्तान हलविल्यावर 1687 मध्ये हे शहर मोगलांच्या हातून तीन लाखांच्या मोबदल्यात चिक्कदेवराज वोडेयरांच्या ताब्यात गेले. या अर्धशतकात देशावरून येथे आलेल्या शिलेदारास, कारकुनास किंवा भिक्षुकास पहिला अडथळा भाषेचा झाला असेल, तर दुसरा निश्चितपणे नाण्याचा. पुढील शतकात देशावरचा व्यवहार मुख्यतः चांदीच्या रुपयाचा झाला, आणि दक्षिणेकडे मात्र सोन्याचा होन व त्याहून कितीतरी लहान असा हण यांचेच राज्य चालू राहिले. कंठीरव नरसराज वोडेयरांनी पाडलेला कंठीरायी हण तर मसुरीच्या डाळीएवढा. असे दहा हण मिळून हिशेबातला एक होन होई. रामेश्वरास निघालेला पुण्याचा यात्रेकरू वाटेत कोठेतरी चांदीच्या मुलखातून सोन्याच्या मुलखात प्रवेश करी, आणि त्या सीमेवर त्याची गाठ पडे ती सराफाशी.

सराफाचे काम सोपे नव्हते आणि त्याची नियत नेहमीच वाईट होती असेही नव्हे. पुण्याकडचा अंकुशी रुपया, चांदवडच्या टाकसाळीचा चांदवडी रुपया, दक्षिणेतला अर्काटी रुपया, यांपैकी प्रत्येकाची कसाची आणि वजनाची तऱ्हा निराळी. त्यांतही वापराने झालेली झीज, कोणी कडा कातरून घेतलेली असण्याचा संशय आणि पूर्वीच्या सराफांनी परीक्षेसाठी उमटवलेल्या बारीक खुणा. मांडीवर तराजू घेऊन बसलेला सराफ नाणे दगडावर टाकून त्याचा नाद ऐके, नखाने कड चाचपून पाही, तोलून घेई आणि मग बट्टा, म्हणजे बदलण्यासाठी कापून घ्यावयाची रक्कम, सांगे. तो बट्टा गिऱ्हाइकास जाचक वाटे. पण तो तोंडावर सांगितला जाई, त्याच्यावर घासाघीस करता येई, आणि न पटल्यास शेजारच्या पेढीवर जाण्याची मुभा असे.

या व्यवसायाचे सर्वांत ठसठशीत चित्र मारतहळ्ळीपासून फार दूर नसलेल्या एका छावणीत पाहावयास मिळते. 1791 च्या मे महिन्यात टिपूची राजधानी श्रीरंगपट्टण घेण्यास गेलेला लॉर्ड कॉर्नवालिस अन्नधान्यावाचून इतका हतबल झाला होता, की त्यास स्वतःच्या वेढ्याच्या जड तोफा नष्ट करून बंगळूरकडे माघार घ्यावी लागली. अशा वेळी हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा त्याच परिसरात त्याच्या सैन्यास येऊन मिळाल्या. उपाशी इंग्रज शिपायांनी पाहिलेल्या मराठी छावणीच्या बाजाराचे वर्णन पुढे मार्क विल्क्स या इतिहासकाराने केले आहे: काश्मिरी शालींपासून कोकणातल्या सुक्या मासळीपर्यंत आणि विलायती बनातीपासून चाकूपर्यंत सारे काही तेथे मांडलेले, आणि सराफांच्या फळ्यांवर पूर्वेकडील देशोदेशीची नाणी पसरलेली. ज्या सेनेच्या मागोमाग सराफकट्टा चालतो तिला परमुलखात रोकडीची अडचण पडू नये, अशी ही व्यवस्था होती. परंतु विल्क्सने त्याच यादीत लुटल्या गेलेल्या एका गरीब खेडूत मुलीच्या चांदीच्या कर्णभूषणाचाही उल्लेख केला आहे, आणि मराठी लेखकाने तो गाळून पुढे जाऊ नये. त्या फळ्यांवरचे सारेच धन सौद्यातून आलेले नव्हते. शिवाय एवढा समृद्ध बाजार सोबत असूनही फौजेच्या पगारास नगद पुरेना. मराठ्यांनी कर्ज मागितले, आणि ते देण्यासाठी कंपनीच्या चीनकडे जावयाच्या जहाजांवरील खजिना मद्रासेस उतरवून घेण्याचा हुकूम कॉर्नवालिसास काढावा लागला.

फौज सराफ बरोबर नेऊ शकते, एकट्या यात्रेकरूस ते शक्य नाही. त्याच्यासाठी आपल्या पूर्वजांनी हुंडी सिद्ध केली, आणि माझ्या मते हिंदुस्थानी व्यापारी बुद्धीने निर्माण केलेल्या वस्तूंत तिचे स्थान फार वरचे आहे. पुण्याच्या पेढीवर रक्कम भरावी, हुंडणावळ द्यावी, आणि कागदाचा एक चिठोरा कनवटीस लावून काशीची वाट धरावी. दर्शनी हुंडी दाखविताच वटे, मुदती हुंडीस ठरलेले दिवस थांबावे लागे. धनीजोग हुंडीचे पैसे धन्यास मिळत, शाहजोग हुंडीचे केवळ बाजारातील प्रतिष्ठित शहास, त्यामुळे वाटेत चोराच्या हाती पडलेला कागद त्यास निरुपयोगी ठरे. मूळ हुंडी गहाळ झाली तर पेठ, आणि तीही हरवली तर परपेठ लिहून देण्याचा प्रघात होता. हे सारे ज्यावर उभे होते ती गोष्ट एकच: दूरच्या शहरातील आडत्या लिहिणाऱ्याचे अक्षर आणि त्याची पत दोन्ही ओळखत होता. परक्या गावात प्रवाशास कोणी ओळखीत नसले तरी त्याच्या सराफास कोणीतरी ओळखीत असे.

कंपनी सरकारने 1835 मध्ये सर्व इलाख्यांसाठी 180 ग्रेन वजनाचा एकच रुपया ठरविला आणि बट्ट्याचे साम्राज्य खचू लागले. तरी मराठवाड्यातील माणसास निजामाचा हाली सिक्का कलदार रुपयात बदलून घेतल्यावाचून सोलापूरचा बाजार करता येत नसे. 1950 मध्ये सात हाली रुपयांस सहा भारतीय रुपये असा भाव बांधला गेला आणि 1959 पर्यंत ते नाणे पूर्णतः रद्द झाले नव्हते. गोव्यात पोर्तुगीज रुपया जाऊन 1958 मध्ये एश्कुद आला, तो एका रुपयास सहा या हिशेबाने. सावंतवाडीहून पणजीस जाणे म्हणजे त्या काळी चलनाच्या दृष्टीने परदेशगमनच होते.

खऱ्या परदेशाची कथाही याच धर्तीची आहे. अमेरिकन एक्सप्रेसचा अध्यक्ष जे. सी. फार्गो युरोपात फिरत असता मोठी शहरे सोडल्यास त्याच्या पतपत्रावर कोणी पैसे देईना, आणि त्या संतापातून 1891 मध्ये त्याच्या कंपनीचा प्रवासी धनादेश जन्मास आला. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर अडचण उलट्या दिशेची होती: पत पटविण्याचा प्रश्न नंतरचा, आधी परकीय चलन मिळणेच दुर्घट. 1947 च्या आणि पुढे 1973 च्या कायद्याने प्रत्येक डॉलरवर सरकारी परवान्याचा पहारा बसला, आणि खिशात अवघे आठ डॉलर घेऊन न्यूयॉर्कला उतरल्याची आठवण सांगणारे वडीलधारे आजही अनेक मराठी घरांत आहेत. हज यात्रेकरूंसाठी तर रिझर्व्ह बँकेने 1959 मध्ये 10 आणि 100 रुपयांच्या निराळ्या रंगाच्या खास नोटा काढल्या होत्या, ज्या सौदी अरबस्तानात बदलून घेता येत. 1991 च्या जुलै महिन्यात देशाचे 47 टन सोने परदेशी गहाण पडल्यानंतर धोरण बदलले. 2004 मध्ये व्यक्तीला वर्षास 25,000 डॉलर बाहेर नेण्याची सवलत मिळाली, आणि आज ती मर्यादा 2,50,000 डॉलर आहे.

म्हणजे पैसा नेण्याची मनाई संपली, पण बट्टा संपला नाही. तो केवळ दृष्टिआड झाला. परदेशातील यंत्र आपले शुल्क घेते, आपली बँक आपले, आणि रक्कम रुपयांत आकारावी काय असे यंत्र सौजन्याने विचारते तेव्हा होकार देणाऱ्याकडून भावाच्या फरकातून आणखी काही वसूल होते. नाणे दगडावर वाजविणारा सराफ निदान आकडा उच्चारून सांगत होता, आणि ही नव्या व्यवस्थेने गमावलेली सभ्यता मला क्षुल्लक वाटत नाही. तेव्हा मारतहळ्ळीहून असो वा मिरजेहून, परदेशी निघणाऱ्या वाचकांस माझी विनंती आहे, की सर्व शुल्क धरून इतक्या रुपयांस किती डॉलर हातात पडतील हे दुकानदाराकडून आधी लेखी मागून घ्यावे, यंत्रापुढे नेहमी तेथील स्थानिक चलनच निवडावे, दोन निरनिराळ्या बँकांची कार्डे दोन निरनिराळ्या जागी ठेवावीत, आणि परतल्यावर 2,000 डॉलरांहून अधिक उरले असेल तर ते 180 दिवसांच्या आत परत करावे.