अमेरिकेतील उजवी चळवळ : डाव्या दृष्टीतून

इंग्रजीतील 'कॉन्झर्व्हेटिव्ह' या शब्दास आपल्याकडे 'पुराणमतवादी', 'स्थितिवादी', क्वचित् 'सनातनी' असे प्रतिशब्द योजण्याचा प्रघात आहे. इंग्लंडच्या हुजूरपक्षासंबंधी लिहिताना ते चालून जातात. अमेरिकेसंबंधी लिहिताना मात्र वाचकाची दिशाभूल करतात. सनातनी म्हटला की आगरकरांच्या काळापासून आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो रूढीचा रखवालदार. अमेरिकेतील या पंथाचा मनुष्य नेमाने चर्चला जातो, कुटुंबाच्या जुन्या घडीचा अभिमान बाळगतो, हे खरे. पण त्याच तोंडाने तो मुक्त बाजारपेठेचा जयघोष करितो, आणि जुन्या घड्या विसकटण्याच्या कामी बाजारपेठेइतकी समर्थ शक्ती क्वचितच दुसरी झाली असेल. या विसंगतीचा उलगडा करण्याचा यत्न तेथील डाव्या विचाराची मंडळी गेली सत्तर वर्षे करीत आली आहेत. त्या यत्नालाही एक इतिहास आहे, आणि आमच्या मते तो मूळ चळवळीच्या इतिहासाइतकाच उद्बोधक आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत रूझवेल्ट यांच्या 'न्यू डील'ने घालून दिलेली व्यवस्था, म्हणजे वृद्धांस निवृत्तिवेतन, कामगारसंघांस मान्यता आणि सरकारचा अर्थकारणावर अंकुश, ही बहुतेकांनी स्वीकारलेली होती. 1950 साली लायोनेल ट्रिलिंग या नामांकित समीक्षकांनी, उदारमतवाद हीच या देशातील एकमेव वैचारिक परंपरा होय, असे लिहिले. 1955 साली डॅनियल बेल यांनी नव्या उजव्यांवर एक लेखसंग्रह संपादित केला. रिचर्ड हॉफस्टॅटर हे त्यातील एक लेखक. 1963 च्या नोव्हेंबरात त्यांनी ऑक्सफर्ड येथे दिलेले व्याख्यान पुढे फार गाजले. ज्यांची समाजातील प्रतिष्ठा घसरू लागली आहे अशी माणसे आपल्या दुःखाचे कारण कोणा अदृश्य कटात शोधतात, असा या मंडळींचा एकंदर रोख. त्यास आधार नव्हता असे नाही. 1958 साली स्थापन झालेल्या 'जॉन बर्च सोसायटी'चे प्रमुख रॉबर्ट वेल्च हे, महायुद्ध जिंकून आलेले सेनापती व राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनासुद्धा कम्युनिस्टांचे हस्तक ठरवीत होते! परंतु वैद्याने रोग्याकडे पाहावे तसे प्रतिपक्षाकडे पाहू लागले म्हणजे एक अनर्थ होतो. रोग्याची लक्षणे मोजली जातात, त्याचे म्हणणे कोणी ऐकत नाही.

आणि म्हणणे तर मांडले जात होतेच. त्याच 1955 सालच्या नोव्हेंबरात विल्यम बकली या तिशीच्या तरुणाने 'नॅशनल रिव्ह्यू' हे नियतकालिक काढले. त्याच्या लेखकवर्गाकडे पाहिले असता मौज वाटते. जेम्स बर्नहॅम हे एकेकाळी ट्रॉट्स्कीचे अनुयायी. फ्रँक मायर हे कम्युनिस्ट पक्षाचे जुने कार्यकर्ते. विटेकर चेंबर्स तर सोव्हिएत हेरखात्यासाठी काम करून परतलेले. विचारपत्र चालवून मूठभर निष्ठावंत कसे घडवावेत, पराभवाची वर्षे कशी काढावीत, ही विद्या यांपैकी काहींनी डाव्यांच्याच शाळेत संपादन केली होती. बाजारपेठेचे स्वातंत्र्य आणि परंपरेचे सदाचरण यांची सांगड घालण्याचा खटाटोप केला तो मायर यांनीच. सद्गुण सक्तीने येत नाही, म्हणून स्वातंत्र्य हवे, अशी त्यांची मांडणी. तर्काच्या कसोटीवर ही गाठ सैल ठरेल. पण कम्युनिझमच्या भयाने ती चाळीस वर्षे घट्ट राखली.

1964 साली रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी ॲरिझोनाचे सेनेटर बॅरी गोल्डवॉटर यांनी मिळविली. निवडणुकीत त्यांचा धुव्वा उडाला. जॉन्सन यांना 486 निर्वाचक मते आणि यांना अवघी 52. पन्नासांपैकी सहा राज्ये हाती लागली. चळवळीचे उत्तरकार्य आटोपले, असेच बहुतेक जाणत्यांनी गृहीत धरले.

परंतु पराभवानंतर काय शिल्लक राहिले ते पाहावे. गोल्डवॉटर यांना पन्नास डॉलर वा अधिक देणग्या देणाऱ्यांची नावे कायद्याने सरकारदप्तरी नोंदलेली असत. रिचर्ड व्हिगरी या तरुणाने त्या दप्तरात माणसे बसवून साडेबारा हजार नावे हाताने उतरवून घेतली, आणि त्या यादीच्या बळावर टपालाने निधी जमविण्याचे एक नवे तंत्रच उभारले. देवळाच्या उत्सवाची वर्गणी ज्यांनी एकदा तरी गोळा केली आहे त्या आमच्या वाचकांस, गेल्या वर्षीच्या वहीचे मोल निराळे सांगावयास नको. त्याच निवडणुकीत 27 ऑक्टोबर रोजी चित्रपटनट रोनाल्ड रेगन यांनी दूरचित्रवाणीवर केलेले भाषण लोकांच्या स्मरणात राहिले. दोन वर्षांनी ते कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले, आणि सोळा वर्षांनी राष्ट्राध्यक्ष.

येथे डाव्या इतिहासकारांस आपली चूक उमगण्यास बराच काळ जावा लागला. 1994 साली ॲलन ब्रिंक्ली यांनी अमेरिकन इतिहासकारांच्या प्रमुख नियतकालिकात, आपल्या व्यवसायाने या विषयाची उपेक्षा केली, अशी कबुली दिली. त्यानंतर मात्र ग्रंथांची रीघ लागली. लिसा मॅकगर यांनी 2001 साली कॅलिफोर्नियातील ऑरेंज कौंटीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथील कार्यकर्ते घसरणीला लागलेले नव्हतेच. ते सुशिक्षित, सुस्थितीतील, नव्या घरांत राहणारे गृहस्थ आणि गृहिणी होते. शेजारणींस चहाकॉफीला बोलावून, चर्चच्या मंडळांतून, शाळासमित्यांच्या निवडणुकांतून त्यांनी चळवळ बांधली. गंमत अशी की, सरकारचा हात आखडावा असे म्हणणाऱ्या या वसाहतींची भरभराट झाली ती संरक्षणखात्याच्या पैशावर, शस्त्रास्त्रांच्या व विमानांच्या कारखान्यांमुळे! किम फिलिप्स-फाइन यांनी 2009 च्या ग्रंथात दुसरी बाजू दाखविली. 1934 साली ड्यूपाँ बंधूंनी 'लिबर्टी लीग' स्थापिली तेव्हापासून बड्या उद्योगपतींपैकी काही जण 'न्यू डील' मोडण्यासाठी अव्याहत पैसा ओतीत आले होते. 1973 साली निघालेली 'हेरिटेज फाउंडेशन' ही त्याच ओघातली. पैसा आणि श्रद्धा यांपैकी एकालाच मूळ कारण ठरविण्याचा मोह डाव्या लेखकांस नेहमी पडतो. आम्हांस तो मान्य नाही. ऑरेंज कौंटीच्या गृहिणीस कोणी पगार देत नव्हते.

समान हक्कांच्या घटनादुरुस्तीचे प्रकरण या दृष्टीने फार बोलके आहे. स्त्रीपुरुषांस कायद्याने समान हक्क देणारी ही दुरुस्ती 1972 साली अमेरिकन काँग्रेसने संमत केली. अडतीस राज्यांची संमती हवी होती. वर्षभरात तीस राज्यांनी ती दिलीही. मग इलिनॉय राज्यातील फिलिस श्लाफ्ली नामक सहा मुलांच्या आई पुढे सरसावल्या. त्यांच्या अनुयायी स्त्रिया घरी भाजलेले पाव आणि मुरंबे घेऊन विधिमंडळाच्या सभासदांस भेटू लागल्या. आकडा पस्तिसावर अडला, आणि 1982 साली मुदत संपली. स्त्रियांनीच स्त्रियांच्या हक्कांस विरोध करावा, हे पुरोगामी मंडळींस कोडेच वाटे; अज्ञान, धर्मवेड, चर्चची फूस अशी उत्तरे तयारच होती. बार्बरा एरनराइक या समाजवादी लेखिकेने 1983 साली जे उत्तर दिले ते अधिक खोल आहे. ज्या स्त्रीने आयुष्याची वीस वर्षे घरात घातली, जिच्या हाती ना पदवी ना नोकरी, तिचा सारा योगक्षेम नवऱ्याच्या मिळकतीवर आणि त्याच्या शब्दावर. नवऱ्याने पत्नीचे पोषण केलेच पाहिजे, हा जुना दंडक ही तिची एकमेव पुंजी. समानतेच्या नावाखाली तोच ढिला झाला तर पुरुष मोकळा सुटेल आणि आपण रस्त्यावर येऊ, हे तिचे भय होते. हे भय वेडगळ नव्हते. रोजच्या संसारातून आलेले होते. माणसाच्या विचारांचा माग त्याच्या पोटापाण्याच्या व्यवहारापर्यंत काढावा, ही शिकवण डाव्यांचीच. ती प्रतिपक्षास लावण्याचे तेवढे त्यांच्यातील पुष्कळजण विसरले होते.

मात्र समजून घेणे म्हणजे पांघरूण घालणे नव्हे. बकली यांच्या पत्राने 1957 साली एका अग्रलेखात, दक्षिणेत गोरे अल्पसंख्य असतील तेथेही राज्य त्यांचेच असावे, असे समर्थन केले होते. गोल्डवॉटर यांनी 1964 च्या नागरी हक्कांच्या कायद्याविरुद्ध मत दिले. त्यांनी जिंकलेल्या सहा राज्यांपैकी पाच दक्षिण टोकाची होती. मिसिसिपीत तर शेकडा सत्याऐंशी मते त्यांना पडली, कारण तेथील बहुसंख्य कृष्णवर्णीय नागरिकांस मतपेटीपर्यंत पोहोचूच दिले जात नव्हते. सत्तरीच्या दशकात चर्चेसची मंडळी राजकारणात उतरली ती गर्भपाताच्या 1973 च्या निकालामुळे, की वर्णभेद पाळणाऱ्या धार्मिक शाळांची करमाफी सरकारने काढून घेतल्यामुळे, हा वाद इतिहासकारांत अद्याप चालू आहे.

नव्या सहस्रकातील डाव्या इतिहासकारांनी या चळवळीचे चित्र अधिक आदराने रेखाटले, ते योग्यच झाले. परंतु ते करिताना कटाच्या कथा सांगणारे आणि वर्णद्वेष्टे यांस त्यांनी चौकटीबाहेर ठेविले. बकली यांनी 1962 साली वेल्च यांच्यावर जाहीर टीका केली होती, तेव्हा घर स्वच्छ झाले असे मानले गेले. 2016 साली डोनाल्ड ट्रंप निवडून आले. गोल्डवॉटर यांच्या मोहिमेचा सर्वांत वाचला गेलेला इतिहास लिहिणारे डावे लेखक रिक पर्लस्टीन यांनी 2017 च्या एप्रिलात, आपणांस उजवे पक्ष कळले आहेत असे वाटत होते ते चुकीचे ठरले, अशी जाहीर कबुली दिली. 2023 साली मॅथ्यू डॅलेक यांनी बर्च सोसायटीवरच स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हॉफस्टॅटर यांचे ते जुने व्याख्यान, ज्यास एका पिढीने अडगळीत टाकले होते, ते आता पुन्हा वाचले जात आहे.