कॅन्सरचं ऑपरेशन ठरलंय? पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला भेटा

आमच्या शेजारच्या काकांना गालाचा कॅन्सर निघाला. तंबाखूची जुनी सवय. घरच्यांनी घाबरून दुभती म्हैस विकली, हातउसने घेतले आणि एका खासगी दवाखान्यात रोख भरले. ऑपरेशन झाल्यावर कळलं की ते सरकारी योजनेतून झालं असतं. पण भरलेला पैसा काही परत मिळाला नाही. ही वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये म्हणून ही माहिती.

योजना काय आहे?

महात्मा फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झाली. आता ती आयुष्मान भारत योजनेला जोडलेली आहे. एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पिवळं, केशरी आणि आता पांढरं रेशनकार्डही चालतं. कॅन्सरचं ऑपरेशन, किमो आणि शेक (रेडिएशन) यात येतात. ७० वर्षांवरच्या माणसांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं निघतं.

आधी काय करायचं?

१. दवाखाना योजनेत आहे का आणि तिथे कॅन्सरचं ऑपरेशन योजनेतून होतं का, हे दोन्ही विचारा. हेल्पलाइन : १५५३८८ किंवा १८००२३३२२००.
२. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट सोबत ठेवा.
३. ऑपरेशनच्या आधी ऑनलाइन मंजुरी लागते. योजना कॅशलेस आहे, आधी भरून मागून पैसे मिळत नाहीत.
४. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लगेच दुरुस्त करून घ्या. याच कारणाने बरेच जण अडकतात.

योजनेत बसलं नाही तर?

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. मुख्यमंत्री सहायता निधीतही अर्ज करता येतो.

वरखर्चाचं काय?

खरी ओढाताण इथेच होते. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलला फेऱ्या, सोबतच्या माणसाचं जेवण, बुडालेली मजुरी हे सगळं खिशातूनच जातं. टाटाला फाइल काढताना जनरल की प्रायव्हेट हे नीट पाहा, जनरलमध्ये खर्च बराच कमी येतो. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे रुग्ण आणि नातेवाइकांची राहायची सोय होते. उपचाराला जाताना रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री एसीत रुग्णाला पूर्ण, तर सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी दवाखान्याचं प्रमाणपत्र लागतं. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहेच.

शेवटचं

तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, छातीत गाठ लागली किंवा पाळी गेल्यावर रक्त गेलं तर थांबू नका. ३० वर्षांवरच्यांची तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. गावातल्या आशाताईंना विचारा. लवकर सापडलं तर ऑपरेशन लहान होतं, आणि म्हैसही दावणीला राहते.