गिअरपेटी न उघडता

एस.टी.ची बस घाटाला लागली की चालक क्लच दाबतो आणि दांडा ओढून खालचा गिअर टाकतो. सपाटी आली की पुन्हा वरचा गिअर टाकतो. गिअर केव्हा बदलायचा हे त्याला कोणी सांगत नाही. गाडी किती वेगाने धावते आहे आणि इंजिनावर भार किती पडतो आहे, या दोन गोष्टींची तुलना त्याच्या मनात सतत चालू असते आणि त्यातून निर्णय होतो. हीच तुलना यंत्राने करावी, तीही विजेच्या किंवा संगणकाच्या मदतीशिवाय केवळ तेलाच्या दाबाने, ही कल्पना १९४० च्या सुमारास अमेरिकेत प्रत्यक्षात उतरली. ते यंत्र कसे घडले आणि ते बिघडल्यावर दोष कसा शोधत, हे दोन्ही आपण एकत्र पाहू. कारण यंत्र निर्णय कसा घेते हे ज्याला ठाऊक होते, त्यालाच पेटी न उघडता दोष सापडत असे.

या कथेचे धागे बरेच मागे जातात. १९०५ साली हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने द्रवातून शक्ती वाहून नेण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याच्यापुढे प्रश्न जहाजांचा होता. वाफेचे टर्बाइन वेगाने फिरते, पण पाण्यातला पंखा सावकाश फिरायला हवा. मग दोघांची सांगड कशी घालायची? समोरासमोर ठेवलेले दोन विजेचे पंखे डोळ्यांपुढे आणा. एक सुरू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घेतले की झाले फ्लुइड कपलिंग, म्हणजे द्रवाची जोडणी. गाडी थांबली तरी इंजिन चालू राहते, कारण मध्ये लोखंडाची पक्की गाठ नसते. ब्रिटनच्या डेमलर कंपनीने १९३० मध्ये ही जोडणी मोटारीत आणली. गिअर मात्र चालकालाच निवडावा लागे.

दुसरा धागा ग्रहगिअरांचा. मध्यभागी ‘सूर्य’ चाक, त्याभोवती फिरणारी ‘ग्रह’ चाके आणि या सर्वांना वेढणारे आतून दात असलेले कडे, अशी ही रचना असते. तिचा एक भाग जखडून ठेवला तर वेग कमी होऊन जोर वाढतो. कोणतेही दोन भाग एकमेकांना बांधून टाकले तर सगळी रचना एकसंध फिरते आणि वेग जसाच्या तसा पुढे जातो. दात एकमेकांतून सोडवायचे नाहीत की पुन्हा अडकवायचे नाहीत, फक्त पकड बदलायची. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टी गाडीत ही पकड चालक पायाने बदलत असे.

हे धागे एकत्र विणणाऱ्यांत अर्ल थॉम्प्सन या अमेरिकन अभियंत्याचे नाव अग्रभागी आहे. हातगिअर न करकरता पडावा म्हणून त्याने शोधलेली सिंक्रोमेश रचना १९२८ मध्ये कॅडिलॅक गाड्यांत आली. पुढे जनरल मोटर्समध्ये त्याच्या गटाने स्वयंचलित पेटीचा ध्यास घेतला. १९३७ साली अर्धस्वयंचलित पेटी निघाली आणि १९४० च्या ओल्ड्समोबील गाड्यांत ‘हायड्रामॅटिक’ ही संपूर्ण स्वयंचलित पेटी मिळू लागली. क्लचचा पायदांडा नाहीसा झाला. दुसऱ्या महायुद्धात एम-५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिने आणि दोन हायड्रामॅटिक पेट्या बसवल्या गेल्या.

या पेटीची रचना गणिताच्या शिक्षकांना आवडावी अशी आहे. तिच्यात ग्रहगिअरांचे दोन संच होते, एक पुढचा आणि एक मागचा. प्रत्येक संचाला एक पट्टा आणि एक क्लच. पट्टा आवळला की संच वेग कमी करतो. क्लच आवळला की वेग जसाच्या तसा पुढे देतो. दोन संच आणि प्रत्येकाच्या दोन अवस्था, म्हणून एकूण चार गिअर :

पहिला : पुढचा पट्टा, मागचा पट्टा
दुसरा : पुढचा क्लच, मागचा पट्टा
तिसरा : पुढचा पट्टा, मागचा क्लच
चौथा : पुढचा क्लच, मागचा क्लच

युद्धानंतरच्या हायड्रामॅटिकमध्ये पुढच्या संचाचे गुणोत्तर १.४५ आणि मागच्याचे २.६३ होते. पहिल्या गिअरला दोन्हींचा गुणाकार करायचा, म्हणजे सुमारे ३.८. दुसऱ्याला फक्त २.६३, तिसऱ्याला १.४५ आणि चौथ्याला १.

आता समजा, गाडीमालक तक्रार घेऊन आला : “पहिल्या आणि तिसऱ्या गिअरला इंजिन नुसते ओरडते, गाडी पुढे जात नाही. दुसऱ्या-चौथ्याला ठीक चालते.” वरच्या तक्त्यात पाहा. पहिल्यात आणि तिसऱ्यात आहे, पण दुसऱ्यात आणि चौथ्यात नाही, असा भाग कोणता? पुढचा पट्टा. तिसऱ्या-चौथ्याला घसरत असेल तर मागचा क्लच. पहिल्या-दुसऱ्याला घसरत असेल तर मागचा पट्टा. गाडी रस्त्यावर थोडी फिरवली, कोणत्या गिअरला काय होते ते टिपून घेतले, की संशय एका भागावर येऊन थांबे. पाना हातात घेण्याची वेळ त्यानंतर.

आणखी एक गोष्ट या तक्त्यातून कळते. पट्ट्याला ० आणि क्लचला १ असे अंक देऊन मागच्या संचाचा अंक आधी लिहिला तर गिअर द्विमान पद्धतीने वाढतात : ००, ०१, १०, ११. इतर दोन वेळा एकच अंक बदलतो, पण दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दोन्ही बदलतात. म्हणजे दोन पकडी सुटायच्या आणि त्याच क्षणी दोन आवळायच्या. नवी पकड उशिरा आली तर इंजिन मोकळे पळते. जुनी उशिरा सुटली तर दोन्ही पकडी एकमेकींशी भांडतात आणि गाडीला हिसका बसतो. हायड्रामॅटिकच्या तक्रारी याच ठिकाणी जास्त का संभवतात, याचे उत्तर तक्त्यातच आहे. १९५६ च्या नव्या रचनेत दुसरे, लहान फ्लुइड कपलिंग आणि एकाच दिशेने अडणारे क्लच आणून हा बदल मऊ केला गेला.

पण गिअर बदलण्याची वेळ ठरवतो कोण? त्यासाठी पेटीत तेलाचे दोन दाब एकमेकांविरुद्ध उभे केलेले असतात. पहिला दाब गाडीच्या वेगाचा. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर फिरत्या गोळ्यांचा नियंता बसवला, हे पाठ्यपुस्तकात आपण वाचतो. त्याच तत्त्वावरचा नियंता पेटीच्या बाहेर पडणाऱ्या दंडाबरोबर फिरतो. वेग वाढला की वजने बाहेर फेकली जातात आणि झडप उघडून तेलाचा दाब वाढतो. मात्र हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी २० किलोमीटरला ते जेवढे असेल, त्याच्या नऊपट ६० ला. म्हणून कमी वेगासाठी एक जड आणि जास्त वेगासाठी एक हलके, अशी दोन वजने वापरावी लागली.

दुसरा दाब चालकाच्या पायाचा. अॅक्सिलरेटर जितका दाबावा तितका हा दाब, पेटीपर्यंत गेलेल्या एका सळईमार्फत वाढतो. लहान नळीत सरकणाऱ्या दट्ट्यासारख्या झडपेच्या एका टोकावर वेगाचा दाब, तर दुसऱ्या टोकावर पायाचा दाब आणि स्प्रिंग. ही रस्सीखेच वेगाने जिंकली की झडप सरकते आणि वरचा गिअर पडतो. चढावर पाय जोरात दाबलेला असतो, म्हणून गिअर उशिरा पडतो. बसचालकाच्या मनातली तुलना ती हीच.

साहजिकच गिअर चुकीच्या वेळी पडू लागला तर प्रश्न एवढाच उरतो : दोहोंपैकी कोणता दाब खोटे बोलतो आहे? गिअर फार उशिरा पडतो म्हणजे वेगाचा दाब कमी आहे किंवा पायाचा दाब जास्त आहे. फार लवकर पडतो म्हणजे याच्या उलट. सळई पेटीच्या बाहेर असते, म्हणून आधी तिची लांबी तपासायची. मग दाबमापक लावून दोन्ही दाब मोजायचे. सगळेच गिअर घसरत असतील तर त्याहून आधी तेलाची पट्टी काढून पाहायची. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो; फार जास्त असेल तर फिरती चाके ते घुसळून फेस करतात. फेसाला दाब धरता येत नाही.

१९६४ मध्ये जनरल मोटर्सची टर्बो-हायड्रामॅटिक ४०० ही पेटी आली. तिच्यात इंजिनावरचा भार ओळखण्यासाठी एक लहान डबी होती. तिच्यात एक पडदा आणि तिला इंजिनातल्या निर्वात जागेशी जोडणारी नळी. ही नळी जुनी होऊन तडकली की निर्वात नाहीसा होतो आणि पेटीला वाटते, चालकाने पाय पूर्ण दाबला आहे. मग सपाट रस्त्यावरही गिअर उशिरा आणि हिसक्याने पडतात. पडदा फाटला तर इंजिन पेटीतले तेल ओढून जाळते; धूर निघतो, तेल कमी होते, पण जमिनीवर गळतीचा थेंबही दिसत नाही. लक्षण पेटीचे आणि रोग बाहेरचा! इथे ज्याने पेटी उतरवली, त्याने मालकाला मोठ्या खर्चात टाकले आणि दोषही तसाच ठेवला. शिवाय पेटी उघडणे हेच जोखमीचे. तिच्यात शेकडो भाग असतात आणि एखादा बारीक कण झडप अडकवायला पुरतो.

तेल हाही या यंत्राचा एक भागच आहे. जनरल मोटर्सने १९४९ मध्ये या पेट्यांसाठी ‘टाइप ए’ हे प्रमाणित तेल ठरवले. क्लचच्या तबकड्या नेमक्या किती घसरून मग घट्ट धराव्यात, हे तेलातल्या मिश्रणावर ठरते. त्यासाठी स्पर्म देवमाशाचे तेल वापरले जाई. १९७० साली अमेरिकेने हा देवमासा धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत घातला, आणि त्या दशकात मिश्रणे नव्याने शोधावी लागली. समुद्रातला प्राणी वाचवण्याचा निर्णय गिअरपेटीपर्यंत पोहोचला, तो असा.

पुढे तेलाच्या दाबाने करायची तुलना संगणकाकडे गेली. जनरल मोटर्सच्या एका प्रचलित पेटीची विद्युत-नियंत्रित आवृत्ती १९९३ मध्ये आली. १९९६ पासून अमेरिकेतील नव्या मोटारींना दोषाचे सांकेतिक आकडे दाखवणारी एकसमान व्यवस्था बंधनकारक झाली. आपल्याकडे २०१४ च्या मारुती सेलेरिओनंतर लहान गाड्यांतही क्लच आणि गिअर यंत्राने हलवण्याची सोय पसरली. पण आकडा फक्त कोणत्या संदेशात गडबड आहे एवढेच सांगतो. ती गडबड तुटक्या तारेमुळे, घाण तेलामुळे की झिजलेल्या क्लचमुळे, हे अजून माणसालाच ठरवावे लागते, आणि ते ठरवण्याची रीत जुनीच आहे. आधी लक्षणे नीट टिपायची, मग तक्ता पाहायचा, मग जे स्वस्त आणि बाहेरचे ते आधी तपासायचे.

वरचा चार ओळींचा तक्ता फळ्यावर लिहून वर्गाला एक प्रश्न घालता येईल. एका गाडीत पहिला, दुसरा आणि तिसरा गिअर घसरतात, फक्त चौथा नीट चालतो. एकच भाग बिघडला असे मानून हे घडू शकेल का? नसेल, तर संशय कोणत्या दोन भागांवर घ्याल, आणि ते दोन्ही खरोखर बिघडलेत असे मानण्यापूर्वी, दोघांत समान असे काय तपासाल? मोटारीत कधी न बसलेला विद्यार्थीही हे सोडवू शकतो. त्याला लागतो फक्त तक्ता, थोडा धीर आणि घाईने काही न उघडण्याची सवय.