गाडीत पाऊस कुठून शिरतो?

या मालिकेत आपण तोफा आणि रणगाड्यांबद्दल बरंच बोललो. आजचा विषय घरगुती वाटेल: गाडीच्या केबिनमध्ये शिरणारं पावसाचं पाणी. पण यालाही इतिहास आहे आणि त्यात माझी एक चूक आहे.

१९८७ चा जुलै. मी तेव्हा कॅप्टन, नेमणूक मेघालयात. याच राज्यातल्या चेरापुंजीला १८६०-६१ साली बारा महिन्यांत सुमारे २६ मीटर पाऊस मोजला गेला होता. एका सकाळी आमच्या बंद केबिनच्या गाडीचं दार उघडलं, तर खाली पाणी साचलेलं आणि सीटखालच्या नकाशांचा लगदा. चालक कोकणातला. "साहेब, काच बंद होती," तो सांगत राहिला. मी ऐकलं नाही. चारचौघांत झापलं आणि भाताच्या लावणीसाठी मंजूर झालेली त्याची रजा रोखली.

आता थोडं मागे जाऊ. १९४१ पासून अमेरिकेत लष्करासाठी लाखोंनी बनलेल्या जीपला केबिनच नव्हती. वर कापडी हूड, समोरची काच बॉनेटवर आडवी पडणारी. पाणी आत येणार हे गृहीत धरलेलं, म्हणून तळाच्या पत्र्यात निचऱ्याची भोकं आणि त्यांना बुचं. भिजायचं, बूच काढायचं, पुढे निघायचं.

मग पत्र्याचं टप आणि बंद केबिन सर्रास झाली. काच रबराच्या बीडिंगमध्ये बसवू लागले. टपाच्या कडेला पन्हळ आली, घराच्या छपराला असते तशी. पुढे बऱ्याच गाड्यांत समोरची काच थेट पत्र्याला चिकटवू लागले आणि बाहेरून दिसणारी पन्हळही गेली. पण एक गोष्ट बदलली नाही. पाणी पूर्ण अडवता येत नाही, त्याला वाट द्यावी लागते. दाराची काच ओघळते ते पाणी दाराच्या पोटात उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर पडतं. वायपरखालच्या जाळीतून आत गेलेलं पाणी तिथल्या खोलगट भागात जमतं आणि नळीवाटे खाली जातं. वाट तुंबली की पाणी तुमच्या पायाशी.

आमच्या गाडीत हेच झालं होतं, पण ते शोधलं वर्कशॉपमधल्या एका जुन्या हवालदारांनी. त्यांनी मॅट काढल्या, आतला पत्रा कोरडा पुसला, सांध्यांवर खडूची पूड भुरभुरली. एक जवान टॉर्च घेऊन आत बसला. बाहेरून रबरी नळीने पाणी, धार बारीक, सुरुवात खालून. एका जागी पाच-दहा मिनिटं, मग थोडं वर. मी विचारलं, वरून का नाही? ते म्हणाले, "साब, ऊपर से डालोगे तो सब जगह गीला होगा. चोर कैसे पकड़ोगे?"

काच कोरडी राहिली, दारही. धार वायपरखाली पोहोचली आणि आतून हाक आली. तिथली निचऱ्याची वाट पाइनच्या सुयांनी गच्च भरली होती. पाणी चढलं आणि वायरी आत येतात त्या भोकाचं तडकलेलं रबर ओलांडून डॅशबोर्डमागून उतरलं. वाट साफ केली, रबर बदललं. काम अर्ध्या तासाचं.

तुमच्या गाडीतही पाणी दिसलं, तर लगेच सिलिकॉन फासू नका. निचऱ्याचं भोक बुजलं, तर दार आतून गंजतं. आधी पान-पाचोळा काढा. एसी चालवल्यावरच ओल येत असेल, तर एसीची नळी तुंबलेली असू शकते. पाणी चिकट आणि गोडसर वासाचं असेल, तर ते पावसाचं नाही, इंजिनच्या कूलंटचं असण्याची शक्यता आहे. आणि ओली मॅट उन्हात पूर्ण वाळल्याशिवाय परत घालू नका. खालचा पत्रा सडतो.

चालकाला मी त्याच संध्याकाळी बोलावलं, चारचौघांतच माफी मागितली आणि रजेच्या कागदावर सही केली. तो गावी पोहोचला तेव्हा लावणी आटोपली होती.

पाणी जिथे दिसतं तिथून ते आलेलं असेलच असं नाही. त्यानंतर कुणाला दोष देण्याआधी मी नळी मागवत आलो.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.