जेमतेम दोन पानांचा निबंध: शंभूनाथ डे आणि पटकीच्या विषाचा शोध

३० मे १९५९ च्या ‘नेचर’ साप्ताहिकात जेमतेम दोन पानांचे एक टिपण प्रसिद्ध झाले. लेखक एकच, शंभूनाथ डे, कलकत्ता मेडिकल कॉलेजातील विकृतिशास्त्र विभागाचे प्रमुख. पटकीच्या जीवाणूंचे संवर्धन ज्या द्रवात केले तो द्रव गाळून घ्यावा, त्यात एकही जीवाणू उरू देऊ नये आणि मग तो सशाच्या आतड्यात सोडावा. तरीही आतडे पाण्याने भरते, एवढेच त्यात सांगितले होते. पण त्यामुळे रोगाचा कर्ता जीवाणूचा देह नसून त्याने बाहेर टाकलेले विषद्रव्य आहे, हे प्रथमच निर्विवाद सिद्ध झाले. रॉबर्ट कॉख यांनी अशा विषाचा तर्क १८८४ सालीच मांडला होता. तर्कापासून पुराव्यापर्यंत पोहोचायला ७५ वर्षे लागली.

ही ७५ वर्षे का लागली, हा प्रश्न शोधाइतकाच बोधक आहे.

कॉख इजिप्तमधून कलकत्त्याला आले ते पटकीचा माग काढीत. रोग्यांच्या आतड्यांत त्यांना स्वल्पविरामासारखा वाकडा जीवाणू आढळला. (इटलीतील फिलिपो पाचिनी यांनी तो १८५४ सालीच पाहिला होता, तेव्हा त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही.) पुढे जे झाले ते विज्ञानात नेहमी होते. जीवाणू सापडला, म्हणून तो प्राण्यांना टोचून रोग उत्पन्न करण्याच्या खटपटी सुरू झाल्या. कोणी तो रक्तात टोचला, कोणी उदरपोकळीत. प्राणी मरत, पण पटकी होऊन नव्हे. जुलाब नाहीत, तांदळाच्या धुवणासारखे पाणी नाही, केवळ रक्तदोषाने आलेला मृत्यू. त्यावरून पटकी हा सर्वांगात भिनणाऱ्या विषाचा रोग आहे, असा समज दृढ झाला. आतड्याचे अस्तर सोलून निघते, म्हणून पाणी झरते, असेही अनेक जण मानत. मृतदेहांच्या तपासणीत अस्तर सुटलेले दिसेही. मृत्यूनंतर काही वेळातच आतडे आपोआप कुजू लागते, हे मात्र पुरेसे ध्यानात घेतले गेले नाही.

कलकत्ता मेडिकल कॉलेजाचा आणि या रोगाचा संबंध जुना. बेंटिंक यांच्या आज्ञेने १८३५ साली हे महाविद्यालय स्थापन झाले. दुसऱ्याच वर्षी मधुसूदन गुप्त यांनी तेथे शवविच्छेदन केले आणि पाश्चात्त्य पद्धतीच्या वैद्यकीय शिक्षणाचा सामाजिक अडसर मोडला. त्या पहिल्या अध्यापकवर्गात विल्यम ओशॉनेसी हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १८३१-३२ साली इंग्लंडात पटकीची साथ आली असताना, विशीतल्या या डॉक्टरने रोग्यांच्या रक्ताचे पृथक्करण करून त्यातील पाणी आणि क्षार घटलेले असतात, हे दाखवले होते. त्या आधारे टॉमस लॅटा यांनी १८३२ साली शिरेतून क्षारजल देऊन काही रोगी वाचवले. नंतर ओशॉनेसी पटकीच्या माहेरघरी, बंगालमध्ये आले. आले आणि गांजाचे औषधी गुण व तारायंत्राच्या तारा यांत रमले! हिंदुस्थानात तारखाते उभारणारे ते हेच. इतिहासात अशी गमतीची वळणे असतात. या वळणावर किती जीव गेले असतील याचा विचार केला की मात्र गंमत ओसरते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे अध्यापक असलेल्या लेनर्ड रॉजर्स यांनी शिरेतून तीव्र क्षारजल देण्याची पद्धत बसवून मृत्यूंचे प्रमाण बरेच खाली आणले. उपचार पुढे सरकला. रोग कसा होतो, ते कोडेच राहिले.

शंभूनाथ डे यांचा जन्म १९१५ सालचा, हुगळी जिल्ह्यातील एका खेड्यातला. १९३९ साली ते कलकत्ता मेडिकल कॉलेजातून पदवीधर झाले. पुढे लंडनला रॉय कॅमरन यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली. तेथील त्यांचे काम पटकीवर नव्हते. मज्जासंस्थेला इजा झाल्यावर फुप्फुसांत पाणी कसे साचते, याचा त्यांनी प्राण्यांवर अभ्यास केला. माझ्या मते या कहाणीचा धागा येथे सुरू होतो. जिवंत ऊतीच्या पडद्यातून द्रव का आणि कसा पाझरतो, हा प्रश्न घेऊन ते १९४९ च्या सुमारास मायदेशी परतले. समोर रुग्णालयात दर हंगामात पटकीचे रोगी येत होते आणि त्यांच्या आतड्यातून पाणीच पाझरत होते.

नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजात असताना त्यांनी डी. एन. चॅटर्जी यांच्यासह केलेला प्रयोग १९५३ साली प्रसिद्ध झाला. सशाला भूल द्यायची, पोट उघडून लहान आतड्याचा काही इंचांचा भाग दोन्ही टोकांना रेशमी दोऱ्याने बांधून वेगळा करायचा, त्या बंद नळीत जीवाणूंचे द्रावण टोचायचे आणि पोट शिवून टाकायचे. दुसऱ्या दिवशी पाहावे तो नळी टम्म फुगलेली. आत तांदळाच्या धुवणासारखे पाणी. शेजारचा, नुसता द्रव टोचलेला भाग मात्र रिकामा आणि सपाट. जीवाणू रक्तात न टोचता, माणसात तो जेथे राहतो त्या आतड्याच्या पोकळीतच ठेवायचा, इतकी साधी ही कल्पना. ती अगदी नवी होती असेही नाही. १९१५ साली व्हिओल आणि क्रेन्दिरोपुलो यांनी असा प्रयोग केला होता, पण तो विस्मृतीत गेला होता. डे यांनी तो मोजता येईल, पुन्हा पुन्हा करता येईल, अशा रूपात उभा केला. या प्रयोगाला भारी उपकरण लागत नाही. ससे, रेशीम, हाताचे कौशल्य आणि तुलनेसाठी नियंत्रण-नळी ठेवण्याची शिस्त पुरते.

१९५५ साली ते कलकत्ता मेडिकल कॉलेजात विभागप्रमुख झाले. १९५६ साली हीच पद्धत त्यांनी ई. कोलाय जीवाणूंना लावली आणि त्यांतील काही प्रकार आतड्यात पटकीसारखेच पाणी साचवतात, हे दाखवले. १९५९ चे टिपण ही त्यानंतरची पायरी. योगायोग असा की त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्त, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनी सशाच्या पिलांना जीवाणूंपासून काढलेले द्रव्य देऊन जुलाब घडवून आणले. एकाच देशात, दोन शहरांत, दोन वेगळ्या वाटांनी तेच उत्तर हाती येत होते. पुढच्या वर्षी बँकॉक येथील रोग्यांच्या जिवंत आतड्याचे नमुने तपासून गॅंगरोसा आणि सहकाऱ्यांनी दाखवले की अस्तर शाबूत असते. म्हणजे आतडे फाटत नव्हते. ते विषाच्या हुकुमावरून पाणी सोडत होते.

विषद्रव्य शुद्ध करणे हे यापुढचे काम. त्यासाठी प्रथिनरसायनाची साधने हवीत, सहकारी हवेत, अखंड वेळ हवा. डे यांच्याकडे होते व्याख्यानांचे वेळापत्रक, परीक्षा, शवपरीक्षा आणि रुग्णालयाचे नमुने. त्यांनी प्रयत्न केला, पण ते जमले नाही. १९६९ साली अमेरिकेत फिंकेलस्टाईन आणि लोस्पल्लुटो यांनी ते विष शुद्ध रूपात मिळवले. यात डे यांचा दोष शोधणे अन्यायाचे होईल. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे संशोधनाचा पैसा मुख्यतः राष्ट्रीय प्रयोगशाळांकडे वळला आणि वैद्यकीय महाविद्यालये शिकवण्यासाठी राहिली. रोगी एका इमारतीत आणि यंत्रे दुसऱ्या शहरात, ही व्यवस्था आजही अनेक ठिकाणी तशीच आहे. या ओळी वाचणाऱ्या एम.डी.च्या विद्यार्थ्यांना ते निराळे सांगायला नको. प्रबंधाचा विषय ‘उपलब्ध साधनांत बसणारा’ निवडण्याची सवय त्यांना आहेच. डे यांनीही तसाच विषय निवडला होता. फक्त प्रश्न मोठा ठेवला.

त्या शाबूत अस्तराचे महत्त्व लवकरच कळले. विष पाणी बाहेर सोडायला लावते, पण ग्लुकोजबरोबर सोडियम आत शोषून घेण्याचे आतड्याचे काम चालूच राहते. म्हणून साखर-मिठाचे पाणी तोंडाने देऊन रोगी वाचवता येतो. कलकत्त्याच्याच हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १८६ रोग्यांना तोंडाने द्रव दिल्याचा अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये १९५३ सालीच, म्हणजे डे यांच्या पहिल्या निबंधाच्याच वर्षी, छापून आला होता. काटेकोर मोजमाप आणि तुलनेचा गट नसल्याने तो मागे पडला. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले, तेव्हा दिलीप महालनवीस यांनी पिंपांत जलसंजीवनी भरून ठेवली आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच ती पाजायला सांगितली. मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ३.६ टक्क्यांवर आले. महालनवीस हे १९५८ साली कलकत्ता मेडिकल कॉलेजातून पदवी घेतलेले डॉक्टर. ते तेथून बाहेर पडले, तेव्हा डे तेथेच विभागप्रमुख होते.

डे १९७३ साली निवृत्त झाले. १९७८ साली नोबेल प्रतिष्ठानाने पटकी आणि तत्सम अतिसारांवर भरवलेल्या परिसंवादाला त्यांना बोलावले. तेथे ते म्हणाले त्याचा आशय असा, की १९६० च्या दशकाच्या आरंभापासून आपण मेल्यातच जमा होतो, या परिसंवादाने आपल्याला उकरून बाहेर काढले. नोबेल पारितोषिक मिळवलेले जोशुआ लेडरबर्ग यांनी त्या पारितोषिकासाठी त्यांचे नाव एकाहून अधिक वेळा सुचवले होते. देशातील एकाही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले नाही. ते संकोची होते, सभासंमेलनांत फारसे दिसत नसत, असे कारण सांगितले जाते. पण सदस्य निवडण्याचे काम अकादमीचे असते, आणि त्यासाठी निबंध वाचणे पुरेसे होते.

१५ एप्रिल १९८५ रोजी त्यांचे निधन झाले. १९९० साली बंगळूरच्या ‘करंट सायन्स’ने त्यांच्या कार्यावर विशेषांक काढला.