पावसाळी अंधारातील सायकलचा दिवा : निवड, जोडणी आणि निगा

एके काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची किंवा पिंपरी-चिंचवडमधील कारखान्यांची पाळी सुटली की कामगारांच्या सायकलींचे थवेच्या थवे रस्त्यावर उतरत. संध्याकाळी दिव्याविना सायकल चालविणे आणि ‘डबल सीट’ जाणे या दोन गोष्टींसाठी पोलीस हमखास अडवीत, ही त्या पिढीची सामाईक आठवण आहे. आज त्या सायकली गेल्या आणि दिव्याची विचारपूसही थांबली. मात्र रात्रपाळीचे रखवालदार, पहाटे निघणारे वृत्तपत्र विक्रेते, बांधकाम मजूर, शिकवणीहून परतणारी मुले आणि अलीकडे हौसेने सायकलकडे वळलेले नोकरदार आजही अंधारात सायकल चालवितात. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत या अंधारात पावसाची भर पडते. जुलैमध्ये पुण्यात सूर्यास्त सात वाजून गेल्यावर होत असला, तरी भरून आलेल्या आभाळाखाली सहालाच काळोख दाटतो. अशा वेळी सायकलचा दिवा ही शोभेची वस्तू राहत नाही.

ओल्या रस्त्यावर प्रकाशाचे काय होते?

कोरड्या हवेत उत्तम वाटणारा दिवा पावसात अपुरा का पडतो, हे प्रथम समजून घ्यावयास हवे. कोरड्या डांबराचा पृष्ठभाग खडबडीत असतो. त्यावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि त्यातील काही भाग चालकाच्या डोळ्यांपर्यंत परत येतो. पावसात या खडबडीतपणावर पाण्याचा थर साचतो व रस्ता आरशासारखे वर्तन करू लागतो. दिव्याचा बहुतांश प्रकाश पुढच्या पुढे परावर्तित होऊन निघून जातो. परिणामी चालकाला रस्ता काळाभोर दिसतो, तर समोरून येणाऱ्याला मात्र दुहेरी चकाकी सहन करावी लागते. पाण्याने भरलेला खड्डा आणि सपाट ओला रस्ता यांतील फरक तर जवळपास नाहीसाच होतो.

मोटारचालकाची स्थितीही बरी नसते. काचेवरील थेंबांमुळे प्रत्येक दिव्याभोवती तेजोवलय उमटते. दुकानांच्या पाट्या, सिग्नल आणि इतर वाहनांचे दिवे यांच्या गर्दीत सायकलचा मिणमिणता ठिपका हरवून जातो.

अंतराचा हिशेब

ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर अंतर कापते. अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, असे धरले तरी तेवढ्यात ८ मीटर अंतर सरते. ओल्या रिमवर ब्रेकचे रबर प्रथम पाणी पुसून काढते आणि मगच पकड घेते. त्यामुळे थांबण्यास आणखी ८ मीटर सहज लागतात. याचा अर्थ, किमान १६ ते २० मीटरपर्यंतचा रस्ता दिसत नसेल, तर तो चालक आपल्या दिव्याच्या कुवतीपेक्षा अधिक वेगाने चालला आहे.

मागचा हिशेब याहून गंभीर आहे. मागून ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारी मोटार, ताशी २० किलोमीटरने जाणाऱ्या सायकलला सेकंदाला सुमारे आठ मीटर या गतीने गाठते. दिव्याविना सायकल तिला ३० मीटरवर दिसली, तर चालकाच्या हाती साडेतीन सेकंद उरतात. तीच सायकल चांगल्या लाल दिव्यामुळे १५० मीटरवर दिसली, तर १८ सेकंद मिळतात. मागच्या दिव्यावर खर्च होणाऱ्या पैशातून विकत मिळतात ते हे सेकंद.

प्रकाश किती असावा?

पांढरा प्रकाश देणाऱ्या एलईडीने या क्षेत्राचे स्वरूपच पालटले. त्यामागील निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वेष्टनावर दिव्याची क्षमता बहुधा ‘ल्युमेन’मध्ये लिहिलेली असते. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो रस्त्यावर पडतो की झाडांच्या शेंड्यांवर, हे त्या आकड्यावरून कळत नाही. एखाद्या जागी प्रत्यक्ष किती प्रकाश पोहोचला, हे ‘लक्स’ या एककाने मोजले जाते. म्हणून ८०० ल्युमेनचा गोल झोत फेकणारा दिवा हा, प्रकाश नेमका रस्त्यावर अंथरणाऱ्या ३०० ल्युमेनच्या दिव्यापेक्षा कमी उपयुक्त ठरू शकतो.

साधारणतः, पथदिवे असलेल्या रस्त्यावर केवळ इतरांना दिसण्यापुरता १०० ल्युमेनचा पुढचा दिवा चालतो. पथदिवे नसलेल्या किंवा वीज गेलेल्या रस्त्यावर पावसात ३०० ते ६०० ल्युमेन हवेत. जर्मनीत सायकलच्या दिव्यांसाठी स्वतंत्र नियम असून, मोटारीच्या दिव्याप्रमाणे झोताची वरची कड कापलेली असणे तेथे बंधनकारक आहे. असा दिवा समोरच्याचे डोळे दिपवीत नाही आणि आपला सर्व प्रकाश रस्त्यासाठी राखतो. ओल्या रस्त्यावर हा गुण विशेष मोलाचा आहे.

मागचा दिवा लुकलुकता असावा की स्थिर, याबद्दल मतभेद आहेत. लुकलुकणारा दिवा चटकन लक्ष वेधतो. परंतु त्यावरून सायकलचे अंतर आणि वेग यांचा अंदाज बांधणे कठीण जाते. जर्मनीत लुकलुकणाऱ्या दिव्यांना मनाई आहे, तर ब्रिटनने २००५ मध्ये त्यांना परवानगी दिली. पावसात एक स्थिर आणि एक लुकलुकता असे दोन लाल दिवे लावणे हा शहाणपणाचा मार्ग होय. एक बंद पडला, तरी दुसरा शिल्लक राहतो, हा आणखी एक लाभ. मागचा दिवा बंद पडल्याचे चालकाला स्वतःला कळत नाही, हे ध्यानात घेतल्यास या दुसऱ्या दिव्याचे महत्त्व पटेल.

पाण्यापासून संरक्षण

‘वॉटरप्रूफ’ हा शब्द वेष्टनावर छापण्यास काही खर्च येत नाही. त्याऐवजी ‘आयपी’ ही अक्षरे आणि त्यांपुढील अंक पाहावेत. आंतरराष्ट्रीय मानकानुसार यातील पहिला अंक धुळीपासूनचे व दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण दर्शवितो. पहिल्या अंकाच्या जागी ‘एक्स’ असेल, तर धुळीबाबतची श्रेणी दिलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. आयपीएक्स ४ म्हणजे सर्व दिशांनी उडणारे शिंतोडे सोसणारा दिवा. आयपीएक्स ५ आणि ६ मध्ये पाण्याच्या फवाऱ्याचा मारा केला जातो. पाचव्या श्रेणीत मिनिटाला साडेबारा लिटर, तर सहाव्या श्रेणीत १०० लिटर. आयपीएक्स ७ मध्ये दिवा १ मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवून पाहतात. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. बुडविण्याची चाचणी उत्तीर्ण झालेला दिवा फवाऱ्याच्या चाचणीतही टिकेलच, असे नाही. या दोन स्वतंत्र परीक्षा आहेत.

पुण्याच्या सर्वसाधारण पावसासाठी आयपीएक्स ४ पुरते. कोकणात, घाटमाथ्यावर किंवा मुंबईच्या संततधारेत आयपीएक्स ६ चा आग्रह धरावा. मागच्या दिव्यावर चाकाने उडविलेले चिखलपाणी सतत आदळत असल्याने, दोहोंपैकी एकावरच अधिक खर्च शक्य असेल, तर तो मागच्या दिव्यावर करावा. पूर्ण लांबीचे मडगार्ड बसविणे हाही दिव्याच्या संरक्षणाचाच भाग आहे.

पाणी बहुधा काचेतून शिरत नाही. ते शिरते चार्जिंगच्या छिद्रावरील रबरी झाकणातून आणि बटणाच्या कडेने. जळत असताना दिवा तापतो व आतील हवा प्रसरण पावते. थंड पावसात तो निवला की आतील दाब घटतो आणि फटीवरील पाणी आत ओढले जाते. म्हणून खरेदी करताना हे झाकण घट्ट बसते की नाही, हे बोटाने दाबून पाहावे.

बॅटरी की डायनमो?

टायरला घासून फिरणारा बाटलीच्या आकाराचा डायनमो जुन्या पिढीला चांगला परिचित आहे. ऐन पावसात ओल्या टायरवरून त्याचे चाक घसरे आणि दिवा मंदावे. चाकाच्या तुंब्यातच बसविलेल्या हब डायनमोत हा दोष नाही. इंग्लंडमधील स्टर्मी-आर्चर या कंपनीने असा हब १९३६ मध्ये बाजारात आणला होता. आजचे हब डायनमो सामान्यतः ६ व्होल्टला ३ वॉट वीज देतात आणि एलईडीसाठी ती पुरेशी ठरते. सायकल थांबल्यावरही काही मिनिटे प्रकाश राहावा, म्हणून चांगल्या दिव्यांत वीज साठविणारा कपॅसिटर असतो. रोजच्या दूरच्या प्रवासासाठी ही सर्वांत निर्धोक व्यवस्था आहे. मात्र तिच्यासाठी पुढचे चाक नव्याने विणून घ्यावे लागते आणि खर्चही मोठा असतो.

बहुसंख्यांसाठी बॅटरीचा दिवाच सोयीचा. तो किती तास जळतो, हा दावा पारखून घ्यावा. एका प्रचलित अमेरिकी मानकात, प्रकाश मूळच्या एक-दशांशावर येईपर्यंतचा सर्व काळ मोजला जातो. म्हणजे वेष्टनावरील पाच तासांपैकी उत्तरार्धात दिवा नावापुरताच जळत असू शकतो. प्रवासाच्या किमान दुप्पट वेळ पुरेल, असाच दिवा घ्यावा. बदलता येणारे सेल असलेला दिवा वाटेतील कोणत्याही दुकानात पुन्हा जिवंत करता येतो, ही जमेची बाजू आहे.

जोडणी

पुढचा दिवा डोळ्यांच्या जितका जवळ, तितका पावसाच्या थेंबांवरून परतणारा प्रकाश डोळ्यांत अधिक येतो. त्यामुळे मुसळधार पावसात डोक्यावरील दिवा त्रासदायक ठरतो. हँडलवर किंवा त्याहून खाली, चिमट्याच्या माथ्याशी लावलेला दिवा खड्ड्यांच्या लांब सावल्या पाडतो व त्यामुळे ते ओळखू येतात. झोत जुळविण्यासाठी सायकल भिंतीपासून ५ मीटरवर उभी करावी. दिवा जमिनीपासून १ मीटर उंचीवर असेल, तर झोताचा मध्य भिंतीवर ७५ सेंटीमीटरवर पडावा. असा झोत रस्त्यावर २० मीटरवर टेकतो.

मागच्या दिव्याबाबत सर्वाधिक आढळणारी चूक साधी आहे : सीटखाली लावलेला दिवा रेनकोटच्या घोळाने किंवा कॅरियरवरील पिशवीने झाकला जातो. रेनकोट घालून, सामान बांधून, दुसऱ्या व्यक्तीला १० पावले मागे उभे करून दिवा दिसतो का, हे एकदा तपासावे. कॅरियरच्या किंवा मडगार्डच्या टोकावरील जागा अधिक चांगली.

परावर्तक, अर्थात रिफ्लेक्टर, हा दिव्याला पर्याय नव्हे. पण त्याची बॅटरी कधी संपत नाही. केंद्र शासनाने २०२० मध्ये सायकलींच्या परावर्तकांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. समोरच्या वाहनाचा प्रकाश पडल्याखेरीज परावर्तक चमकत नाही, आणि चिखल बसला तर तेव्हाही नाही. पेडलवरील परावर्तक वर-खाली हलत असल्याने सायकलस्वार ओळखू येण्यास मोठी मदत होते.

निगा

नवा दिवा पावसाळ्यापूर्वीच घरी पारखावा. तो सुरू करून १० मिनिटे नळाच्या शॉवरखाली धरावा व रात्रभर तसाच ठेवावा. सकाळी काचेच्या आत धुके दिसल्यास दुकानदाराकडे परत न्यावा. भिजलेला दिवा लगेच चार्जिंगला लावू नये. छिद्र कोरडे झाल्यावरच लावावा. सेलच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर आढळल्यास तो खरवडून व्हॅसलीनचा हलका हात द्यावा. फुगलेली लिथियम बॅटरी पुन्हा कधीही वापरू नये. पावसाळा संपल्यावर दिवा वापरात राहणार नसेल, तर सेल काढून ठेवावेत.

आणि रोज निघताना, सायकलवर बसण्यापूर्वी, मागे वळून लाल दिवा एकदा पाहावा. एवढ्याला दोन सेकंद लागतात.