पीस

परवा नर्सरीत गुलाबाच्या एका कुंडीवर मराठीत पाटी दिसली, 'पीस'. मला आधी मोराचं पीसच आठवलं! मग फूल पाहिलं. टपोरं, फिकट पिवळं, पाकळ्यांच्या कडांना गुलाबी छटा. अरे, हा तर शांततेचा 'पीस'!

फ्रान्समधल्या फ्रान्सिस मेयाँ या तरुणाने १९३५ साली केलेल्या संकरातून हा गुलाब आला. आधी त्याला नावसुद्धा नव्हतं, नुसता क्रमांक: ३-३५-४०. दुसरं महायुद्ध पेटण्याच्या सुमारास मेयाँने कलमासाठी याचे डोळे जर्मनी, इटली आणि अमेरिकेला पाठवले. मग सगळ्या वाटाच बंद झाल्या.

मेयाँने गुलाबाला आपल्या दिवंगत आईचं नाव दिलं, 'मादाम ए. मेयाँ'. पण बाकीच्यांना ते कळणार कसं? इटलीत तो 'जोया' झाला, म्हणजे आनंद. जर्मनीत 'ग्लोरिया दाई', देवाचा महिमा. अमेरिकेत २९ एप्रिल १९४५ रोजी त्याचं बारसं झालं, 'पीस'. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेसाठी सॅन फ्रान्सिस्कोला जमलेल्या प्रतिनिधींना हीच फुलं दिली गेली.

फूल एकच, नावं चार. रंग, पाकळ्या, काटे यांचं वर्णन कुठेही सारखंच होईल. नाव ठेवताना मात्र माणसं आपल्याला कशाची उणीव आहे तेच सांगून जातात, असं मला वाटतं. मुलाला आईची, जगाला शांततेची.

कुंडी घरी आणली आहे. पाटी तशीच ठेवली आहे.